मागची सीट

निमगाव केतकीच्या अलीकडं, कॅनॉलच्या कडेला रावजीचं दीड एकर रान. दोडका, वांगी, थंडीत फ्लॉवर. माल बारामतीच्या मार्केटला. असल्या माणसाला हौस कसली असावी? कुणी कुस्त्या बघतं, कुणी भजनाला जातं, कुणी पारावर बसून दुसऱ्याची उणीदुणी काढतं. रावजीनं काय केलं, तर भंगारातनं एक सडकी फियाट उचलून आणली आणि दोडक्याच्या मांडवाशेजारी पत्र्याच्या शेडात उभी केली. गावाला आयताच विषय मिळाला. "रावजी, औंदा फियाट लावलीस व्हय? पाणी कवा कवा देतोस?" असं येता-जाता कुणीही विचारायचं. रावजी हसायचा आणि ग्राइंडर चालू करायचा. त्या आवाजात टोमणे ऐकू येत नाहीत, एवढा तरी फायदा.

पण ती ऐरीगैरी फियाट नव्हती. ती मालकांची होती.

मालक म्हणजे भवानीनगरच्या बाजूचे मोठे बागाईतदार. रावजीचे वडील सावळाराम, ज्यांना आता गाव आबा म्हणतं, त्यांनी उभी जवानी मालकांची हीच गाडी चालवण्यात घालवली. रोज उठून धुतली, रोज पुसली, आणि एवढ्या वर्षांत मागच्या सीटला एकदा बूड टेकलं नाही. मालक बारामतीला मीटिंगला गेले की आबा गाडीबाहेर उभे. ऊन असो, वारा असो, उभे. पाऊस आला तर झाडाखाली, कारण ओल्या कपड्यांनी सीट खराब होईल.

रावजी दहा-अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईच्या पोटात कळ उठली. मालक जेवून झोपले होते. गाडी दारात होती, किल्ली आबांच्या खिशात होती. आबांनी बायकोला बैलगाडीत घातलं. बारामती येईस्तोवर ती बोलत होती, दवाखान्याच्या पायरीवर बोलायची थांबली. मालक काही राक्षस नव्हते हो. दुसऱ्या दिवशी स्वतः दारात आले आणि म्हणाले, "अरे, मला उठवायचं नाही का?" आबा मान खाली घालून उभे राहिले. विचारावं असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. रावजीच्या काळजात जळत होतं ते हेच. मालक नाही म्हणाले असते तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पुढं मालक वारले, पोरं पुण्याला गेली, बंगल्यामागं चिंचेखाली गाडी सडत पडली. एकदा रावजी इंदापूर रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडं जुने पाइप बघायला गेला, तर ढिगाच्या कडेला ती नंबरप्लेट. तिथंच ठरलं. ही गाडी होती तशी उभी करायची, आबांना मागच्या सीटवर बसवायचं आणि गावातनं मिरवून आणायचं. एकदाच, पण मालकाच्या तोऱ्यात. आबा ऐंशीच्या पुढं गेलेले, त्यामुळं घाई होती.

आता घाईचं आणि गंजाचं कुठं जमतं? दारांचे खालचे काठ बोटानं दाबले तर चुरा होऊन पडायचे. मागच्या बाजूला तर तळच नव्हता, आत उभं राहिलं की पाय थेट मातीला. रावजीजवळ काय, तर गेट करायला घेतलेलं वेल्डिंगचं छोटं मशीन, मोबाइलवरचे व्हिडिओ, आणि बारामतीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवणारा सूरज. सूरज फोनवर आधी पोटभर हसायचा, मग काय करायचं ते सांगायचा. पहिल्या हौसेत रावजीनं गंजावरच लांबी थापली. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचा मसाला. वाळल्यावर असं गुळगुळीत दिसायला लागलं की गडी स्वतःवरच खूश. सूरज बघायला आला. त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा दाबला, तो आरपार गेला.

"रावजीशेठ, गळवाला पावडर लावलीसा की ओ! चांगला पत्रा लागंस्तवर कापायचं. दया करायची न्हाय."

मग रावजी कापत सुटला. सकाळी भाजीचा माल काढून झाला की दुपारभर शेडात. सडकं कापायचं, नवा पत्रा त्या मापाचा कातरायचा, मागं लोखंडी ठोकळा धरून हातोडीनं वळवायचा, मग टिपक्या-टिपक्यानं जोडायचा. पातळ पत्रा तो. हात जरा रेंगाळला की भोक. पडलेलं भोक भरायला गेलं की शेजारी दुसरं. हातांवर ठिणग्यांचे डाग पडले, शर्टांना जाळ्या झाल्या. बायको मनिषा म्हणायची, "ह्यापरीस एक सवत आणली असतीसा तर कमी खर्चात भागलं असतं."

आबांना मात्र त्या दिवसांत सुख होतं. चहाचा कप घेऊन शेडात यायचे. गाडीत सीटच नव्हत्या, तर डाळिंबाचा क्रेट पालथा घालून मागच्या बाजूला बसायचे, पाय खाली मातीत सोडून. "ह्ये दार वडूनच लावाय लागायचं," "पुलावर हिचा गिअर अडकायचा," असलं काहीबाही सांगत बसायचे. कधी तिथंच डुलकी काढायचे.

"अवो, आबा रोज बसत्यातच की मागं," मनिषा एकदा म्हणाली. "आनी काय बसवायचं ऱ्हायलं?"

"क्रेटवर बसण्याला बसणं म्हंत्यात व्हय? भंगारात?" रावजी उसळला. "सीट बसू दे, रंग चढू दे, मग बघ म्हातारा कसा दिसतोय."

पत्र्याचं काम एकदाचं उरकलं. लांबी भरली, पाणी लावून पॉलिश कागदानं घासघासून सारखी केली, वर प्रायमर मारला. महिन्याभरात दारावर फोड आले. मग बॉनेटवर, मग टपावर. फोड फोडला की आत तांबूस पाणी. रावजीला वाटलं, प्रायमर बोगस निघाला. सूरज आला, त्यानं इकडंतिकडं बघितलं, बादलीतलं पाणी बोटानं जिभेवर घेतलं आणि थुंकून टाकलं.

"ह्ये पाणी कुठलं?"

"बोअरचं."

"आरं देवा! मीठ चोळलंसा की त्या पत्र्याला!"

पिढ्यान्‌पिढ्या उसाला पाणी पाजून पाजून रानात खार वर आलेला. बोअरच्या पाण्यानं ठिबकच्या नळ्यांवर पांढरी पुटं धरतात, पानं करपतात, हे पोरासोरांना ठाऊक. म्हणून तर वांग्याला तो कॅनॉलचं पाणी जपून ठेवायचा. आणि आबांच्या गाडीला बोअरचं! अक्कल गहाण ठेवल्यावर दुसरं काय होणार? सगळं खरवडून पत्र्यापर्यंत जायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, ह्याला इलाज नव्हता. त्यात वर्ष गेलं.

आणि त्या वर्षानंच घात केला. आबांचं डोकं सुटायला लागलं. आधी नावं विसरले, मग जेवलेलं विसरले. मालकीणबाईंना म्हणायचे तसं मनिषाला एकदोनदा 'वैनीसायेब' म्हणाले, ती आत जाऊन रडली. संध्याकाळ झाली की टोपी घालून दारात उभे राहायचे. कुठं निघालात विचारलं तर म्हणायचे, "मालकांना आणाय जायचंय." डॉक्टर म्हणाले, वय आहे, आता असंच जायचं. रावजीनं ते ऐकलं आणि दुप्पट नेटानं कामाला लागला. म्हातारा पुरता हातातनं जायच्या आत गाडी झाली पाहिजे, हे एकच त्याच्या डोक्यात.

रंगाच्या वेळी सूरज म्हणाला, "झ्याक लाल मारू. लग्नाच्या भाड्याला पळंल." रावजीनं ऐकलं नाही. दाराच्या बिजागरीमागं मूळ रंगाचा एक टिकला शाबूत सापडला होता, दुधावरच्या सायीसारखा. तोच घोटून घेतला. इंजिन सूरजच्या ओळखीच्या मेकॅनिकनं चालू करून दिलं. सीटा तशाच शिवून घेतल्या. मागच्या काचांना मालकांच्या वेळी पांढरे पडदे असायचे, तेही मनिषाकडनं शिवून बसवले. काही म्हणजे काही फरक ठेवला नाही.

रंग झाल्यावर आबांनी शेडात पाऊल टाकणं सोडलं. चपला बाहेर काढायचे आणि उंबऱ्यापाशी उभे राहायचे.

"आबा, वाळलाय रंग. या की आत."

"नगं. हितं बरं हाय."

एकदा गाडी बाहेर काढलेली असताना ते दाराची मूठ उपरण्यानं पुसताना दिसले, तर रावजीचा ऊर भरून आला. म्हाताऱ्याला गाडी आवडली म्हणायची! माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं, दुसरं काय.

मुहूर्त दसऱ्याचा धरला. मालकसुद्धा दसऱ्याला ह्याच गाडीतनं शिवेवर सोनं लुटायला जायचे, तेव्हा ह्याहून चांगला दिवस कुठला? रावजीनं गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. स्वतः पांढरा कडक सदरा, पांढरा पायजमा, टोपी असा नटला. आणि मागचं दार उघडून म्हणाला, "चला आबा."

आबा हलेनात. रावजीनं एका बाजूनं, मनिषानं दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना बसवलं. ते सीटच्या अगदी कडेला टेकले, गुडघे जुळवून, हात छातीशी घेऊन. गाडी गावातनं पारापाशी आली, तशी तिथली मंडळी उठून उभी राहिली. "आबा, मालक झालासा की ओ!" कुणीतरी ओरडलं. ज्यांनी हसून हसून पोट दुखवून घेतलं होतं तेच आता टाळ्या वाजवत होते. रावजीला आभाळ ठेंगणं झालं. आरशात आबांचं तोंड दिसत नव्हतं, नुसती टोपी दिसत होती. मान एवढी खाली घातली होती त्यांनी.

गाव सुटलं, गाडी कॅनॉलच्या रस्त्याला लागली.

"आबा, कसं वाटतंय?"

एकदम घाबरा आवाज आला, "थांबव. आरं थांबव की! मालक बगत्याल!"

रावजीनं ब्रेक दाबेपर्यंत मागचं दार उघडलंही होतं. आबा धडपडत उतरले, एक चप्पल आतच राहिली. तो धावत उतरला, तर आबा टोपी काढून, हात जोडून उभे. थरथर कापत होते.

"चूक झाली मालक. मी न्हाय बसलो, मला बसीवलं. ही पोरं नवी हाईत, त्यांला ठावं न्हाय."

"आबा, मी रावजी हाय. गाडी आपली हाय. मी केलीया ही, तुमच्यासाटी केलीया."

"व्हय मालक."

"आवं, मी तुमचा ल्योक हाय!"

"व्हय मालक."

म्हातारा त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडं बघत होता, तोंडाकडं बघतच नव्हता. मालकही असाच सदरा घालायचे. रावजी जवळ घ्यायला एक पाऊल पुढं झाला, तसे आबा एक पाऊल मागं सरकले. मागं कॅनॉल होता. आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ चाललेलं. रावजीनं हात पुढं केला, आबा आणखी मागं. अनवाणी टाच भरावाच्या मातीवरनं घसरली आणि दोन ढेकळं पाण्यात पडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हाका मारून उपयोग नाही, धरायला जाऊन उपयोग नाही. समोर उभा होता तो त्याचा बाप नव्हताच, मालकांचा ड्रायव्हर होता, आणि ड्रायव्हर ऐकतो एकाच माणसाचं.

मालक कधी ओरडायचे नाहीत. हळू बोलायचे, दुसरीकडं बघत. रावजीनं लहानपणी ते किती वेळा ऐकलं होतं. तो जागच्या जागी थांबला. पाठीमागं हात बांधले. उसाकडं बघत, हळू आवाजात म्हणाला,

"सावळ्या, गाडीत बस."

आबांचे हात खाली आले. कापरं थांबलं. "जी मालक," म्हणत ते काठावरनं सुटून तरातरा चालत आले आणि सवयीनं पुढचं दार धरलं.

"मागं बस."

आबा अडखळले. रावजीची जीभ रेटत नव्हती. जन्मात त्यानं बापाला अरेतुरे केलं नव्हतं.

"सांगितलेलं कळत नाही का रे? मागं बस."

"जी."

आबा मागं बसले. आता ताठ बसले, हुकूम झाल्यासारखे. रावजीनं दार लावलं, फिरून स्टिअरिंगवर आला. आधी किल्लीच लागेना. घरापर्यंत बोलायचं तर कुणाच्या आवाजात, हे त्याला कळत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी टोपीला पुसत त्यानं गाडी आणली.

दारात मनिषा आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं आत वाकून बघितलं आणि तिचं तोंड फुललं.

"बसलं का वो आबा मागं?"

"बसलं," रावजी म्हणाला.