न बघितलेल्या बाईला दिलेले पैसे

सर्बियातल्या तिमोक नदीकाठच्या गावातला बुटांचा कारखाना बंद पडायला लागला तेव्हा स्तानिया बेचाळीस वर्षांची होती. बावीस वर्षं तिने तिथे बुटांचे वरचे भाग शिवले. शेवटचे तीन पगार बुडाले, त्याबदल्यात तिला एक शिलाईयंत्र आणि गोणीभर कलबुतं, म्हणजे बूट ज्यावर ताणून शिवतात ते लाकडी पाय, मिळाले. नवरा आधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. तिने घराच्या मागच्या खोलीत यंत्र मांडलं आणि मापाचे बूट शिवायला घेतले. एक पाय लहान, एक मोठा, बोटं वळलेली, टाच चढलेली, असे पाय घेऊन जन्मलेली माणसं तिला फोटो आणि मापं पाठवू लागली.

फेसबुकवर पेज काढून दिलं ते धाकट्या बहिणीने, रुमेनाने. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, तिला फोनमधलं सगळं कळायचं. आमच्याकडे पार्सल हातात पडल्यावर कुरिअरवाल्याला पैसे द्यायची रीत. स्तानियानेही तीच धरली. मग एका हिवाळ्यात चार जोड परत आले. एकाने दार उघडलं नाही. एकाने निरोप पाठवला, बायकोला रंग आवडला नाही. डावा एकेचाळीस आणि उजवा चव्वेचाळीस नंबरचा तो जोड दुसऱ्या कुणाच्या पायात जाणार? चौघांचेही बूट फळीवर धूळ खात पडले, आणि चामडंवाल्याने उधारी बंद केली.

"ताई, आता आधी पैसे, मगच आरी हातात घ्यायची," रुमेना म्हणाली.

"तोंड न दाखवता पैसे मागू? लोक चोर म्हणतील मला."

"आणि आता काय म्हणतात? खुळी म्हणतात."

शेवटी रुमेनाने पेजवर लिहून टाकलं, पूर्ण रक्कम आगाऊ. खाली लगेच शेरे आले. 'पैसे घेऊन पळणारी आणखी एक.' 'आजी, आधी बूट दाखव.' दीड महिना एकही ऑर्डर आली नाही. वीज तोडण्याची नोटीस आली. ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची देखभाल करायला बायका पाठवणारी एक एजंट होती, तिला स्तानियाने ईस्टरनंतर येते म्हणून सांगूनही टाकलं.

आणि तेवढ्यात देशाच्या उत्तर टोकाच्या सुबोतित्साहून बोरिवोय नावाच्या माणसाचा मेसेज आला. पिठाच्या गिरणीत काम करणारा माणूस. मुलगी एमिलिया, शाळेचं शेवटचं वर्ष. तिचा उजवा पाय तीन सेंटीमीटर आखूड, शिवाय दोन नंबर लहान. मे संपताना निरोपाचा समारंभ, सगळ्या मुली उंच टाचांच्या बुटात नाचणार. तिला आजवर फक्त दवाखान्याचे काळे जड बूट मिळालेले. 'दुरून बघणाऱ्याला काही कळू नये, एवढंच करा,' त्याने लिहिलं होतं. घासाघीस नाही, चौकशी नाही. त्याच दिवशी सगळे पैसे जमा झाले. तपकिरी कागदावर दोन्ही पायांच्या आकृत्या आल्या. पेन्सिल पायाभोवती फिरताना मुलीला गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण अंगठ्यापाशी रेघ हलली होती.

स्तानियाला आनंदापेक्षा धडकीच भरली. विजेचं बिल भरलं, गडद लाल चामडं आणलं, ऑस्ट्रियावालीला नाही म्हणून कळवलं. कलबुताला चामड्याचे तुकडे चिकटवून तिने ते कागदावरच्या पायाएवढं फुगवलं. समारंभाला चोवीस दिवस उरले असताना जाड तळाला भोक पाडताना आरी अडकली, तिने जोर लावला, आणि आरी सटकून उजव्या अंगठ्याच्या मुळात घुसली. तिने फडकं गुंडाळलं आणि काम चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. निश शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी चिरून पू काढला.

"दीड महिना या हाताला काम नाही."

"अहो डॉक्टर, मला तीन आठवड्यांत..."

"तीन आठवड्यांत काम केलंत तर हातच राहणार नाही."

घरी आल्यावर तिने डाव्या हाताने चामडं कापून बघितलं. रापी वाकडी गेली, एक अख्खा तुकडा वाया गेला. परत द्यायला पैसे नव्हते. रुमेनाकडे नव्हते, शेजारी कुणाकडे नव्हते. ते शेरे लिहिणारे लोक तिला आता अगदी बरोबर ओळखत होते असं तिला वाटायला लागलं. दोन दिवस ती जेवली नाही.

"कुरिअरकडून हरवलं म्हणून सांग," रुमेना खालच्या आवाजात म्हणाली.

"आणि त्या मुलीला काय सांगू?"

"ताई, तुझ्या पायाखालची जमीन सरकलीये आणि तू दुसऱ्याच्या बुटाची काळजी करतेस."

स्तानियाने बोरिवोयला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. पलीकडे गिरणीची घरघर ऐकू येत होती.

"मला कामावरच्यांनी बजावलं होतं," बोरिवोय म्हणाला. "बोरा, न बघितलेल्या बाईला आधी पैसे देऊ नकोस. मी म्हटलं, पेजवरच्या फोटोत बाई चेहऱ्याने प्रामाणिक दिसते."

"मी पैसे परत देईन हो."

"कधी?"

ती डाव्या हाताच्या बोटांवर महिने मोजू लागली.

"पैशाचं जाऊ द्या, बाई. मी घरी जाऊन तिला काय सांगू, तेवढं सांगा." आणि त्याने फोन ठेवला.

गावात कलबुतावर चामडं ताणू शकणारा माणूस आता एकच उरला होता, योर्दान. कारखान्यात तो मुकादम होता. पहिल्यांदा ज्यांना काढलं त्यांची यादी त्याने केली होती, आणि त्या यादीत स्तानियाचं नाव होतं. नऊ वर्षं ती त्याला बघून रस्ता बदलायची. ती हात गळ्यात बांधून त्याच्या फाटकाशी उभी राहिली. म्हातारा मिरच्यांची रोपं लावत होता.

"कोण ते?" त्याने डोळे बारीक केले. "स्तानिया? नऊ वर्षांत कधी वाट चुकली नाहीस, आज कशी काय?"

"मास्तर, मला तुमचे हात हवेत."

"हात आहेत. डोळे गेले माझे. मोतीबिंदू. सुईचं भोक सोड, सुईसुद्धा दिसत नाही."

"मला दिसतं."

त्याने हाताची माती झटकली. मग म्हणाला, "त्या यादीवर मी सही केली नसती तर माझं नाव त्यात घातलं असतं."

"मी ते विचारायला आले नाहीये."

"माहीत आहे. मीच सांगतोय."

दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्या घरी सकाळच्या उजेडात कामाला बसू लागले. ती खुर्ची त्याच्या खांद्याला भिडवून बसायची आणि सांगायची, डावीकडे, आणखी, केसभर मागे, थांबा. तो चिडायचा, "बैल समजतेस का मला?" ती रडकुंडीला यायची. उजव्या टाचेच्या आतला उंचवटा पहिल्यांदा तिरका बसला, सगळं उचकटून पुन्हा केलं. मधल्या सुट्टीत त्याची बायको घेवड्याच्या कालवणाची वाटी पुढे ठेवायची. समारंभ शनिवारी संध्याकाळी होता. बूट शुक्रवारी संध्याकाळी झाले. टेबलावर ठेवल्यावर दोन्ही सारखेच दिसत होते. योर्दानने बोटं फिरवून खात्री केली.

शनिवारी कुरिअर पोहोचवत नाही. स्तानिया पहाटेच्या बसने स्वतःच निघाली; बोरिवोय तिचे फोन उचलत नव्हता. निश, मग बेलग्रेड, मग उत्तरेकडची बस. हमरस्त्यावर मालट्रक उलटला होता, साडेतीन तास बस जागची हलली नाही. बुटांचा डबा मांडीवर धरून ती ड्रायव्हरला 'कधी निघणार' असं इतक्यांदा विचारत होती की तो शेवटी म्हणाला, "काकू, मला पंख लावा, उडवतो."

ती दारात पोहोचली तेव्हा साडेआठ वाजले होते. बोरिवोय एकटाच होता.

"सातला गेली ती," तो म्हणाला. "जुनेच घालून."

"आपण तिकडे नेऊन देऊ या का?"

"आणि सगळ्यांसमोर तिला बूट बदलायला लावू?"

त्याने बूट हातात घेतले, उलटेपालटे केले, पुन्हा डब्यात ठेवले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कॉफी केली. मुलगी सकाळपर्यंत येणार नव्हती, आणि तिच्यासमोर उभं राहायची हिंमत स्तानियात नव्हती. रात्रीच्या बसने ती परत फिरली. तिने ते बूट कुणाच्या पायात बघितले नाहीत.

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. 'बूट चांगले झालेत. पण ते त्या संध्याकाळसाठी होते. अर्धे पैसे परत करा.' तिला ते रास्तच वाटलं. हात सुटल्यावर जुलैत ती ऑस्ट्रियाला गेली आणि एका अंथरुणाला खिळलेल्या बाईची चार महिने सेवा केली. पहिल्या पगारात बोरिवोयचे पैसे पाठवले. त्याने पोचही दिली नाही.

सप्टेंबरात मात्र एमिलियाचा मेसेज आला. ती आता नोवी सादला शिकत होती. उजवा बूट जास्त चाललं की घोट्याला चावतो, काय करू? स्तानियाने ओलं फडकं, उलटा चमचा, कुठे किती दाबायचं, सगळं नीट समजावलं. मग तिने विचारलं, "रोज घालतेस?"

"रोज," मुलीने लिहिलं. "बाबा म्हणतात झिजतील."

नोव्हेंबरात स्तानिया परतली. अंगठा आता पुरता मिटत नाही, त्यामुळे ताणायचं काम योर्दानच करतो. त्याच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. पेजवर तिने स्वतः नवं लिहिलं: अर्धे पैसे आधी, बाकीचे बूट तयार झाल्याचा फोटो बघून. मी आजारी पडले तर पैसे परत मिळायला चार महिने लागू शकतात.

"असं कुणी लिहितं का, ताई?" रुमेनाने कपाळाला हात लावला. "कोण येणार आहे हे वाचून?"

त्या महिन्यात दोघं आले.