कमी परतावा देणारं कार्ड

"मला विचारलंत का?"

काकूंचं हे वाक्य आमच्या सोसायटीत प्रत्येकाने ऐकून घेतलेलं आहे. मेंटेनन्स वाढला, पाण्याची वेळ बदलली, गणपतीच्या वर्गणीचा आकडा ठरला, की काकू तळमजल्यावरच्या गाळ्यातून पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि जो सापडेल त्याला हे विचारायच्या. आवाज चढवायच्या नाहीत, पण उत्तर मिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. मी सोसायटीचा खजिनदार, त्यामुळे बहुतेक वेळा सापडायचो मीच.

डोंबिवली पूर्वेला, आमच्याच इमारतीच्या त्या गाळ्यात त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं. नवरा गेल्यावर सुरू केलेलं. तुमच्याही रस्त्यावर असं एखादं केंद्र असेल, आणि पोळ्या घेताना आतल्या बाईचं नाव काय, असा प्रश्न तुम्हालाही कधी पडला नसेल. आम्हा सगळ्यांसाठी त्या काकूच होत्या.

मुलगा ठाण्याला, घोडबंदर रोडला राहतो. चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगतो. आईने केंद्र बंद करून आपल्याकडे यावं, असं त्याचं म्हणणं. ती ऐकेना, तेव्हा त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर आईसाठी ॲड-ऑन कार्ड काढून दिलं. वापरायचं आईने, बिल भरायचं त्याने. यात वाईट काय, असं कोणालाही वाटेल.

काकू ते घेऊन कल्याणच्या घाऊक बाजारात तेलाचे डबे आणायला गेल्या. खर्चाचा मेसेज मुलाच्या मोबाइलवर जायचा. मशीनमधून पावती बाहेर येते न येते तोच त्याचा फोन.

"आई, एवढ्याचं काय घेतलंस?"

"तेल."

"एवढं तेल?"

"मग पोळ्यांना पाणी लावू?"

पुढे डाळीला फोन आला, मिक्सरच्या दुरुस्तीला आला. एकदा त्यांनी स्वतःसाठी चपला घेतल्या, तेव्हाही आला. तो काळजीपोटीच विचारत होता. पण चपलांच्या फोननंतर काकूंनी ते कार्ड विळीवर धरलं आणि मेथीच्या देठांसारखं कापून टाकलं. तुकडे घेऊन माझ्या दारात आल्या.

"आता मला माझं कार्ड पाहिजे. तुम्ही आकडेवाले. कुठलं घेऊ सांगा."

असलं काम मला आवडतं. कॅशबॅक देणाऱ्या कार्डांची तुलना मी स्वतःसाठी केलेलीच होती. माझं मत साधं आहे. जाहिरातीतला टक्का पाहू नये, आपला पैसा कुठे खर्च होतो ते पाहावं. काकूंचा खर्च पीठ, तेल, भाजी आणि गॅसवर. भाजीवाला कार्ड घेत नाही. घाऊक तेलवाला कार्ड दिलं की दोन टक्के वर लावतो. एक टक्का परत मिळावा म्हणून दोन टक्के देणं हा शुद्ध वेडेपणा. उरलं लाइटबिल, आणि किराणा ऑनलाइन मागवला तर तो. ऑनलाइन खरेदीवर चांगला परतावा देणारं एक कार्ड मी सुचवलं.

बँकेने नाही म्हटलं. पगार नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही. काउंटरवरचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मावशी, मुलाच्या कार्डावर ॲड-ऑन मिळेल ना तुम्हाला." मी काकूंना हाताला धरून बाहेर आणलं.

एकच वाट होती. मुदत ठेव तारण ठेवली की बँक कार्ड देते. केंद्राच्या कमाईतली ठेव काकूंकडे होती, पण तिच्यावर पहिलं नाव मुलाचं आणि दुसरं त्यांचं. आपल्याकडे हे असंच होतं. नवरा गेला की बाईच्या पैशावर मुलाचं नाव वर जातं. कोणी मुद्दाम करत नाही. बँकेची धावपळ तो करतो, म्हणून तो वर. आता ती ठेव मोडून काकूंच्या एकटीच्या नावावर नवी करायला हवी होती, आणि मोडायला मुलाची सही लागणार होती.

"मुदतीआधी मोडली तर दंड बसेल," मी म्हणालो. "वर्षभराच्या कॅशबॅकपेक्षा तो जास्त आहे. तोट्याचा सौदा आहे, काकू."

"तोटा माझाच ना? मग होऊ दे."

शनिवारी मुलगा शाखेत आला. दोघांच्या मधल्या खुर्चीत मी.

"काका, तुम्ही तरी समजवा हिला. माझं नाव वर आहे म्हणजे मी काय पैसे खाणार आहे?"

"तू नाही रे खाणार," काकू म्हणाल्या. "पण मी चपला घेतल्या हे तुला का कळायला पाहिजे?"

"आणि उद्या बिल थकलं तर?"

"तर बँक मला फोन करेल. मी बघेन काय उत्तर द्यायचं ते."

"हा नुसता हट्ट आहे, आई."

"आहेच. सही कर. आणि पाहिजे तर माझ्यावर ॲड-ऑन काढून देते तुला. फ्री असतं म्हणे."

त्याला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. सही करताना त्याचे कान लाल झाले होते.

घरी येऊन मी पुन्हा आकडे मांडले. आता ठेव ज्येष्ठ नागरिकाच्या नावावर होती, म्हणजे व्याज अर्धा टक्का जास्त. दंड काही काळात भरून निघत होता. मी जिना उतरून सांगायला गेलो. काकू "बरं" म्हणाल्या आणि पुढची पोळी लाटायला घेतली. दंड भरून निघाला नसता तरी त्यांचं काही अडलं नसतं.

ठेवीवर मिळणारी कार्डं दोनच होती. एकावर परतावा जवळपास दुप्पट. दिसायला छान, कोरं करकरीत. नवीन पद्धतीप्रमाणे पुढे नाव नाहीच.

"नाव पुढे छापतात ते कुठलं?"

"ते बघायचं नसतं, काकू. दुसरं निम्मंच परत देतं."

"पण त्याच्यावर नाव असतं ना?"

"असतं."

"मग तेच."

फॉर्म भरताना आणखी एक अडचण आली. काकूंचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, सगळी इंग्रजी अक्षरं कार्डावर मावेनात. काय गाळायचं, असं बँकेतल्या मुलीने विचारलं. काकूंनी नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं.

"यांचं गाळा. ते नाही रागावणार."

आकड्यांनी पाहिलं तर ते कार्ड चुकीचंच होतं, असं मी आजही म्हणेन. आणि त्यावर कोणी हसलं तर काकूंच्या बाजूने भांडेनही. एकदा चपलांच्या दुकानातल्या पोराने कार्डावरचं वाचून त्यांना नावाने हाक मारली, पुढे मॅडम लावून. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना पोळी करपली. असलं काही मिळत असेल तर ते माझ्या तक्त्यातल्या कुठल्या रकान्यात भरायचं, मला माहीत नाही. पण शून्य लिहायला मी तयार नाही.

बिल काकू मुदतीआधी भरायच्या. एकदाही थकलं नाही.

गेल्या थंडीत काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप, आणि संपलं. दिवसकार्य झाल्यावर मुलगा गाळा आवरायला आला. कार्ड बंद कसं करायचं विचारत माझ्याकडे वर आला. मी हेल्पलाइनला फोन लावून स्पीकर चालू केला. त्याने कार्डाचा नंबर सांगितला, आपण मुलगा असल्याचं सांगितलं.

"सॉरी सर," पलीकडची मुलगी म्हणाली, "हे कार्ड फक्त मॅडमच्या नावावर आहे. याच्याबद्दल मी त्यांच्याशीच बोलू शकते. मॅडम आहेत का जवळ?"

त्याने कार्डावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मुलीने पुन्हा विचारलं. त्याने "नाहीत" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

"मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जावं लागेल," मी म्हणालो. "उद्या जाऊ. मी येतो."

"उद्या नको, काका," कार्ड खिशात ठेवत तो म्हणाला. "राहू दे थोडे दिवस तिच्या नावावर."