फोनवरची हाक

सासूबाई गेल्या त्याच वर्षी मामा, म्हणजे माझे सासरे, पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जन्म मेंढरांमागे आटपाडीच्या माळावर गेलेला. चालणं संपलं तसा कळप चुलत दिरांकडे दिला आणि मामा आमच्याकडे सांगलीला राहायला आले. त्यांची कुत्री गावीच राहिली.

महिन्याभरात दिरांचा फोन आला. "वयनी, कुत्री कळपासंगं येत न्हाई. तुमच्या बंद दारात बसून ऱ्हातीया. भाकरीला तोंड लावंना."

हे कुपवाडच्या कारखान्यातून आले तसं मी सांगितलं. हे लगेच म्हणाले, "आणूया की." मी मात्र नको म्हणाले. लांडग्यावर धावून जाणारी ती कुत्री. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तेव्हा माझ्यावरही धावली होती. इथं दोन खोल्या, पुढं एवढंसं अंगण आणि रांगती मुलगी.

मामांनीच वाद मिटवला. "नगं. रानातलं जनावर हितं साखळीला बांधायचं व्हय?"

मला हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी दिरांचा परत फोन आला, आमच्या गावच्या दारातूनच. मी बोलत होते, तर मामांनी हात पुढे केला. मला वाटलं, दिरांशी बोलायचं असेल. पण ते म्हणाले, "फोन तिच्या कानाजवळ धर." आणि माळावर देत असतील तशी लांब हाक दिली. शेजारीण दारात येऊन बघायला लागली. पलीकडून दीर ओरडले, "आण्णा, उठली की! दाराकडं बगतीया. दार हुंगतीया."

मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मामा, आणूया तिला," मी म्हणाले.

"तू भितीस न्हवं?"

"भिते. तरी आणूया."

रविवारी टेम्पो करून हे तिला घेऊन आले. नुसता हाडांचा सापळा राहिला होता. अंगणात उतरली, थेट मामांच्या खाटेशी गेली आणि खाली पसरली. मामा तिच्या बरगड्यांवरून हात फिरवत राहिले.

साखळी आम्ही कधी आणलीच नाही. मुलगी जवळ गेली की ती उठून खाटेच्या पलीकडे जाऊन बसायची. मला तिनं शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. मामांनी दिलेली भाकरी तेवढी खायची. पण अंगानं काही भरली नाही, आणि थंडी सरता सरता एका सकाळी उठलीच नाही.

ह्यांनी अंगणातच खड्डा खणला. मामा खुर्चीवर बसून बघत होते. "गावाकडं दारातच गेली असती," एवढंच म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. संध्याकाळी तिची जर्मनची ताटली घासली, आणि ती कुठं ठेवावी तेच मला कळेना.