मिस्त्रींचा अंगठा

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईखान्याला लागून कृत्रिम पायांचं वर्कशॉप होतं आणि त्याची किल्ली सत्तावीस वर्षं मिस्त्रींच्या खिशात होती. कामगार नऊला यायचे, मिस्त्री आठला. बायको विचारायची, "त्या प्लास्टरच्या पायांना सकाळी आंघोळ घालायची असते का?" मिस्त्री चपला शोधायचे. खरं उत्तर देण्यासारखं नव्हतं.

त्या एका तासात मिस्त्री ताईचं काम चोरून दुरुस्त करायचे.

पायाचा उरलेला भाग जिच्यात बसतो तिला वर्कशॉपमध्ये वाटी म्हणत. साचा घ्यायचा, त्यावर गरम प्लास्टिक ओढायचं, कडा घासायच्या. हाडापाशी किंचित जागा सोडावी लागते. ती सोडायची राहिली की माणूस चालत राहतो आणि आत कातडी सोलत जाते. अकरा वर्षांपूर्वी ताई कामाला लागली. नवरा गेलेला, पदरात दोन मुली, हात चलाख आणि जिभेला धार. मिस्त्रींनी चारचौघांत जाहीर केलं, "आजपासून वाटीचं काम ताईचं. मी हात लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता लावलाच. आतून अंगठा फिरवला, नडगीच्या हाडापाशी उंचवटा लागला, तो घासून टाकला. पोरीचा हिरमोड कशाला, सांगू नंतर, असं मनाशी म्हणाले. ते 'नंतर' अकरा वर्षं उगवलं नाही. चांगुलपणा म्हणावा तर तो होता. पण आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, ही गोडीही त्यात होतीच; ती काही साधीसुधी गोडी नसते. वर डॉक्टरांपुढे मिरवायचेही, "बघा, माझ्या हाताखाली कशी तयार झाली!"

मग मिस्त्रींची साखर वाढली. हाताची बोटं हळूहळू बधिर होत गेली, आणि हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. अंगठा रोज वाटीतून फिरत होता, उंचवटा लागत नव्हता. जमलं बाई एकदाचं पोरीला, असं वाटून त्यांचा जीव भांड्यात पडला.

सहा महिन्यांनी, ताईनं केलेल्या वाटीचा पाय लावून गेलेला एक पोस्टमन परत आला. त्यालाही साखरेचा आजार, नडगीला संवेदना कमी, त्यामुळे दुखलं नाही. मोजा काढला तेव्हा जखम हाडापर्यंत गेली होती. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

डॉक्टरांनी खापर ताईवर फोडलं. तिला काढायचंच ठरलं. मिस्त्रींना निवृत्तीला तीन महिने उरले होते. तोंड मिटून बसले असते तर हारतुरे घेऊन सुखानं घरी गेले असते. ती वाटी त्यांनी खिडकीपाशी नेली. अंगठा फिरवला. काही नाही. मग हात आत घालून मनगट टेकवलं, आणि उंचवटा टचकन लागला. मिस्त्री तिथंच स्टुलावर बसले. आपण एका माणसाचा पाय घालवला, हे त्यांनी मनातल्या मनात दोनदा म्हटलं. त्यांना रडू आलं.

डॉक्टरांना त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग तिला काम येतं की नाही?"

"ते मलाच ठाऊक नाही," मिस्त्री म्हणाले.

"पोस्टमनची पुढची वाटी तिनं करावी. तिनंही जखम झाली, तर ताई घरी आणि वर्कशॉपला कुलूप."

खाली येऊन त्यांनी ताईला सांगितलं. ती कानस हातात धरून ऐकत होती.

"किती वाट्या?" तिनं विचारलं.

"जवळजवळ सगळ्या."

"आणि मी सुरुवातीला माणसाला वाटी चढवून, उतरवून कातडी बघायचे. टोचतं तिथं लाल डाग पडतो, तो कधी दिसलाच नाही. मग बघायचंच सोडून दिलं. मला वाटलं, माझा हात बसला." तिनं कानस बाकावर आपटली. "अकरा वर्षांत तुम्ही मला एकदा तरी चुकू द्यायचं होतं, मिस्त्री! तेव्हा डागावर भागलं असतं."

"तुझं वाईट व्हावं म्हणून नाही केलं गं."

"माहीत आहे. म्हणून तर शिव्याही देता येत नाहीत." तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या."

किल्ली खिशातून निघायला वेळ लागला. बोटांना ती सापडत नव्हती.

दीड महिन्यानं पोस्टमनची जखम भरली. मांडीची वाटी ताईनं केली. त्या सकाळी मिस्त्री सवयीनं आठला पोचले आणि बंद दारासमोर तासभर उभे राहिले. ताई नऊला आली, तिनं दार उघडलं.

पोस्टमनला दोन कठड्यांच्या मध्ये उभं केलं. तो ताईकडे बघेना. "मिस्त्री," तो म्हणाला, "तुम्ही एकदा हात फिरवा ना आतून. माझ्यापाशी आता कापायला फार उरलं नाही."

ताईची मान खाली गेली. मिस्त्रींचा हात उठलाही होता. होकार दिला असता तर पोस्टमन निर्धास्त झाला असता, डॉक्टरही, आणि सगळं पुन्हा होतं तसं.

"मला कळत नाही," मिस्त्री म्हणाले. "माझा अंगठा मेलाय. तुमच्या मागच्या वाटीवरून फिरला होता, त्याला काही लागलं नाही. ते माझं पाप. इथं कळतं ते फक्त हिला."

ते खरं होतं की नाही, त्यांना ठाऊक नव्हतं. पोस्टमननं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेतून मिस्त्रींना उरलेल्या जन्मात सुटका नव्हती.

ताईनं वाटी चढवली, पोस्टमनला चालायला लावलं आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं झाली. तिनं वाटी उतरवली, मोजा काढला, खाली वाकून मांडी चहूबाजूंनी पाहिली. जांघेजवळ रुपयाएवढा लाल डाग होता.

मिस्त्रींनी हात पाठीमागे घट्ट धरले.

ताईनं त्या डागावरून बोट फिरवलं. मग तिनं खडूनं वाटीवर खूण केली आणि कानस उचलली.

"बसा थोडं," ती पोस्टमनला म्हणाली. "चुकलंय माझं. परत घालून बघू."