सोमवारची गोळी

“आमी भांडायला नाय आलो, मॅडम. आमी दोघी एकाच बाजूला हाय.”

यमुनाबाई दारात उभ्या राहून हे म्हणाल्या, कारण मी त्यांना नुकतंच बाहेर जाऊन चहा प्यायला सांगितलं होतं. सासू आणि सून एकत्र आल्या की मी आधी एकीला बाहेर पाठवते. वकिलीत ही सवय लागतेच. दोघी एकाच बाजूला आहेत हे वाक्य माझ्या दहिवलीच्या ऑफिसात तोपर्यंत कोणी उच्चारलं नव्हतं. मी पंखा वाढवला आणि दोघींना बसवलं.

यमुनाबाईंचं कुंभिवलीला हायवेच्या कडेला भाकरी-भाजीचं छोटं दुकान. ट्रकवाले गिऱ्हाईक. भाकऱ्या थापून थापून बोटं सुजली असं त्यांना वाटायचं, पण तो निघाला संधिवात. पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध लिहून दिलं. महिन्याभरात यमुनाबाईंचं तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळता येईना. ताप उतरेना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या कमी झाल्या की त्यांना हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवावं लागलं. त्या वाचल्या हे नशीब.

इथपर्यंत सून बोलत होती. तिचं नाव रेश्मा. बारावी शिकलेली, सगळं क्रमाने सांगणारी. मग ती एकदम थांबली.

“पुढचं सांग ना,” मी म्हटलं.

पुढचं यमुनाबाईंनी सांगितलं. “हास्पिटलात लिवलं, गोळ्या जास्त खाल्ल्या. झालं. गाव बोलाय लागलं, म्हातारी जीव द्यायला गेली. का गेली, तर सुनेनं छळलं. ही पोर आता दळण घेऊन चक्कीवर जात नाय. हिच्या माहेरी पण फोन गेले. मी जीव द्यायला नव्हते गेले, मॅडम. मला सांगितल्या तशाच खाल्ल्या.”

“कोणी सांगितलं?”

“मेडिकलवाल्या नानांनी.”

आता औषधाबद्दल थोडं सांगते. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर कोणीतरी डॉक्टरला न विचारता आपली गोळी बंद करायचा. संधिवाताची ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तशी घेतली तर चांगली, रोज घेतली तर विष. हिच्यासोबत जीवनसत्त्वाची एक साधी गोळीही देतात. डॉक्टरीणबाईंनी अगदी बरोबर लिहिलं होतं. मुख्य गोळी सोमवारी, जीवनसत्त्वाची बाकीच्या दिवशी.

आणि यमुनाबाईंचा सोमवार म्हणजे कडक उपास. डॉक्टरसमोर त्या काही बोलल्या नाहीत. इकडच्या बायका डॉक्टरसमोर बोलतच नाहीत, सगळं मेडिकलवाल्याला सांगतात. नाना त्यांच्या ओळखीचे. वीस गावांतली कोणतीही बाई दुकानात आली तरी तिचा वार, तिची चतुर्थी नानांच्या ध्यानात. त्याचा त्यांना अभिमानही. कागद बघून ते म्हणाले, “यमुनाताई, ही जड गोळी सोमवारी रिकाम्या पोटी नको. ही हलकी उपासाला चालेल, ती सोमवारी घ्या. जड गोळी बाकीच्या दिवशी घ्या, जेवून.”

म्हणजे भल्या माणसाने उपास सांभाळला आणि दोन गोळ्यांची अदलाबदल करून टाकली. आठवड्यातून एकदाची गोळी आठवड्यातून सहादा झाली. मी हे ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. असली चूक वाईट माणसाच्या हातून होत नाही, हाच तिच्यातला वैताग.

औषधाने इजा झाली की लोक विचारतात, केस कोणावर करायची? ते चूक कुठे झाली त्यावर ठरतं. औषधातच दोष असेल, किंवा धोक्याची सूचना दिली नसेल, तर कंपनी. लिहून देण्यात किंवा समजावण्यात हयगय असेल तर डॉक्टर. लिहिलं एक आणि दिलं-सांगितलं दुसरं, तर दुकानदार. तिघांविरुद्धही जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. शिवाय औषध प्रशासनाकडे दुकानाच्या परवान्याविषयी वेगळी तक्रार करता येते. आमच्या बाबतीत वेष्टनावर सूचना होती, डॉक्टरने बरोबर लिहिलं होतं. राहिले नाना.

“परवाना रद्द करायचा का?” मी विचारलं.

“नको,” यमुनाबाई म्हणाल्या. “मंग लोकांनी औषध आणायचं कुठनं? मला फक्त त्यांच्या तोंडून पायजे, की त्यांनी सांगितलं म्हणून.”

मी नोटीस पाठवली. उत्तर आलं. वाचून माझं डोकंच फिरलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या अशिलाने असं काहीही सांगितलेलं नाही, रुग्णाने स्वतःच्या मनाने जास्त गोळ्या घेतल्या. नानांच्या वकिलाने ठरलेल्या साच्यातलं उत्तर दिलं होतं. मीही त्याच्या जागी कदाचित तेच लिहिलं असतं. पण या साच्याने रेश्माच्या गळ्यात फास अडकवला. “स्वतःच्या मनाने” एवढंच गावात पोचलं. तिच्या माहेरची माणसं विचारपूस करायला म्हणून आली आणि तिला घेऊन जायची भाषा करू लागली. तिचा नवरा टेंपो घेऊन बाहेर असायचा. घरी त्या दोघीच.

पुराव्याची बाजू आमची लंगडी होती. बिल घेतलं नव्हतं. ओळखीच्या दुकानात कोण बिल मागतं? काउंटरवर झालेलं बोलणं ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. मी तक्रार दाखल केली, पण मनात धाकधूक होती.

आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. मध्यस्थी म्हणजे दोन्ही बाजू एका टेबलाशी बसतात, मधे एक तिऱ्हाईत असतो, आणि तिथे बोललेलं पुढे कोणाच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. समोरच्या वकिलाने नानांना तरीही गप्प राहायला सांगितलं होतं. ते पांढरा शर्ट घालून आले होते आणि यमुनाबाईंकडे बघत नव्हते.

मी यमुनाबाईंना म्हटलं, “आज तुम्ही बोला. मी गप्प बसते.” मला हे फार अवघड जातं.

“नाना,” त्या म्हणाल्या, “तुमी माझ्या उपासाचा इचार केला. तेवढा कोणी करत नाय. त्याचा मला राग नाय. पण तुमी लिवून दिलं की मी माझ्या मनानं खाल्ल्या. आता माझी सून घर सोडून जायची पाळी आलीय. तिनं हास्पिटलात माझं सगळं केलं, नाना. सगळं. पोटची पोर करणार नाय तेवढं.”

रेश्मा खाली बघत होती. नानांनी चष्मा काढला.

“मीच सांगितलं,” ते म्हणाले.

त्यांच्या वकिलाने त्यांचा हात दाबला.

“राहू द्या हो साहेब. मीच सांगितलं. नोटीस आली, घाबरलो. तुम्ही लिहिलं त्यावर सही केली. ती सही केल्यापासून मला जेवण जात नाही.”

तडजोड व्हायला मग फार वेळ लागला नाही. हॉस्पिटलचा खर्च आणि पुढचे उपचार नानांकडे. चूक आपली होती, असं लेखी. सगळं लिहून झाल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, “आणि घरी येऊन सांगायचं. आमच्या ओटीवर, सगळ्यांसमोर.”

मी त्यांना समजावलं की अशी अट कोणत्याही कलमात बसत नाही.

“येतो,” नाना म्हणाले.

ते खरंच आले. मलाही बोलावणं होतं. खालापूर कोर्टातलं काम उरकून मी गेले. ओटी शेजारपाजाऱ्यांनी भरली होती. सगळ्यात पुढे शेजारच्या शेवंताबाई, ज्यांनी ही बातमी गावभर सर्वांत आधी नेली होती. नाना उभे राहिले आणि एका दमात बोलले. उपास, दोन गोळ्या, अदलाबदल, आपली चूक, सुनेचा काही संबंध नाही. एकही शब्द गिळला नाही. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं.

मग शेवंताबाई म्हणाल्या, “मंग नाना, माझ्या बीपीच्या गोळ्या तरी बरोबर हायेत का?”

तिथून पुढे जे झालं ते मी कोणत्याही आयोगात पाहिलं नाही. बायका उठल्या, घरी गेल्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन परत आल्या. साखरेच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या, मुंबईहून मुलाने पाठवलेल्या, कशाच्या ते कोणालाच माहीत नसलेल्या. नाना ओटीवर मांडी घालून बसले आणि एकेक पट्टी तपासू लागले. डॉक्टरचा कागद असेल तो आधी, मग पट्टी. कागद वाचून दाखवायचं काम ओघानेच रेश्माकडे आलं. शेवंताबाई तिच्या पुढ्यात सरकल्या, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “वाच गं बाय. तुझ्याकडूनच ऐकते.”

रेश्माने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग वाचलं.

यमुनाबाईंनी ती गोळी पुन्हा सुरू केली, डॉक्टरीणबाईंना विचारून, गुरुवारी. आता त्या डॉक्टरीणबाई प्रत्येक बाईला आधी उपासाचा वार विचारतात म्हणे. भाकऱ्या पुन्हा यमुनाबाईच थापतात, मी खाऊन आले आहे.

तुम्हाला सांगायचं तर एवढंच. ओळखीचं दुकान असलं तरी बिल घ्या. गोळीचा वार बदलायचा असेल तर ज्याने लिहिला त्याला विचारा. बाकी नुकसानभरपाई, खर्च, लेखी कबुली हे सगळं मी मिळवून देऊ शकते, तेवढ्यासाठी माझं शिक्षण झालं आहे. गावाचं तोंड बंद करायला मात्र ज्याची चूक त्यालाच ओटीवर उभं राहावं लागतं, आणि त्या कामाची फी कोणताही वकील लावू शकत नाही.