अप्पांची वेल आणि एक फ्लॉपी

भूतबीत, संकेत, दृष्टांत… यांतलं काही मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. या सदरातले अनुभव वाचून मी बऱ्याचदा हसलेय. तरी आज स्वतःच लिहायला बसलेय, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी, ट्यूबलाइटखाली घडलं.

आम्ही कुंभकोणमचे. मराठ्यांच्या काळात तंजावरकडे आलेल्या घराण्यांतले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून इथे पुण्यात लोक म्हणतात, "बखरीतनं उठून आलात काय?" असो.

माझे अप्पा रेशमी साड्यांची डिझाइनं काढायचे. आलेखाच्या कागदावर एकेक बारीक चौकोन शाईने भरायचा आणि तो कागद तिरुभुवनम्‌च्या विणकर सोसायटीत द्यायचा. त्यावरून मागाला नक्षी सांगणारी भोकांची पत्ती पडायची. मी शाळेत असताना, ऐंशीच्या दशकात, घरात वीज होती, पण बिल थकलं की नसायची. मग कंदील. त्या चौकोनांनी अप्पांचे डोळे खाल्ले. आधी धूसर, मग एक गेला, मी कॉलेजात पोचले तेव्हा दुसराही. आई उडदाचे पापड लाटून घरोघरी द्यायची. त्या पापडांवर मी बी.एस्सी. झाले, कॉम्प्युटर विषय घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

नव्वदच्या दशकात मधेच कधीतरी त्याच सोसायटीने एक कॉम्प्युटर घेतला. जुनी डिझाइनं त्यात भरायची होती. मला तात्पुरतं घेतलं. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर सारांनी फडक्यात गुंडाळलेला एक गठ्ठा टेबलावर ठेवला.

"तुझ्या अप्पांचा आहे. अम्मनच्या साडीचा पदर. उत्सवाला देवळाला हाच हवाय. जमेल?"

"जमेल, सार."

"नाही जमलं तर कांचीपुरम्‌हून नवं डिझाइन मागवतो. मग या मशीनचं आणि तुझं काय करायचं ते बघू."

गठ्ठा सोडला. एकमेकांना चिकटवलेले ते कागद सुटे झाले होते, कडा कसरीने खाल्लेल्या. क्रम कुठला? आकडा एकाही कागदावर नाही! अप्पांचा नियमच होता तो — देवीच्या साडीच्या कागदावर चौकोनांखेरीज काही नको. नाव नको, आकडाही नको. "आकडा घातला की काम माझें होतें," म्हणायचे. क्रम त्यांच्या डोक्यात असायचा.

घरी जाऊन विचारलं.

"अप्पा, पहिला कागद कुठला?"

"त्यावर काय दिसतें?"

"वेल."

"दुसऱ्यावर?"

"वेलच."

अप्पा हसायला लागले. "वेलीचाच पदर आहे तो, पोरी. मला दिसत असतें तर एका नजरेत लावला असता. आतां तुझें मशीन लावील की!"

आतून आई म्हणाली, "हसतां काय? तिची नोकरी जाईल."

तेव्हाचा स्कॅनर हातात धरून कागदावरून ओढायचा. हात हलला की वेल वाकडी. तसे सगळे कागद मी चित्रांच्या फाइली करून भरले. मग त्या मांडून बघणं… मशीनला मेमरी कसली, चित्रं बघायचा मोठा प्रोग्राम उघडला की ते गप्प बसायचं. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने एक फ्लॉपी दिली होती. त्यात एक चिमुकला प्रोग्राम होता. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. डॉसच्या काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करायचं, पुढे एक अक्षर — नावाप्रमाणे लाव, तारखेप्रमाणे लाव, आकाराप्रमाणे लाव. तो फाइली ओळीने लावायचा, नवे नंबर देऊन त्यांच्या प्रती करायचा आणि चित्रं बारीक करून दाखवायचा. बास. दुसरं काहीच त्याला येत नव्हतं.

नाव आणि तारीख मीच दिलेली, त्यांचा उपयोग नव्हता. म्हटलं आकार बघू. ज्या चित्रात भरगच्च काम, त्याची फाइल मोठी. पदर दाट होत जात असेल तर क्रम लागेल कदाचित. जेवणाचा डबा संपवला, आकाराचं अक्षर टाइप केलं, एंटर दाबलं.

फ्लॉपी कुरकुरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग चित्रं आली.

काही जुळेना. वरून खाली बघत गेले, प्रत्येक ठिकाणी वेल तुटलेली. मी चिडून ती नव्या नंबरांप्रमाणे छापून काढली आणि फरशीवर मांडायला घेतली. साडीचा पदर खोचून खाली बसले आणि एकदम अप्पा आठवले. ते कधी वरून मांडायचे नाहीत! कागद गुडघ्यापाशी सुरू करायचे आणि पुढे पुढे सरकवत न्यायचे, कारण मागावर कापड विणणाऱ्याच्या पोटापाशी सुरू होतं. मी पुस्तक वाचावं तशी वरून वाचत होते.

पहिला नंबर गुडघ्यापाशी ठेवला. दुसरा त्याच्या पुढे. तिसरा…

वेल चालायला लागली. एक पान तुटलं नाही. आणि तेव्हाच दिसलं — वेलीवरची कळी प्रत्येक कागदावर एखाद-दोन चौकोनांनी उमलत होती. सुट्या कागदावर कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी. शेवटच्या कागदावर पूर्ण फूल.

मॅनेजर सार दारात उभे राहून बघत होते. "अडे! शेवटी कसं लावलंस?"

"आकाराप्रमाणे, सार," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

मग सहज फाइलींचे आकार तपासले. मोठी, लहान, मधली, परत मोठी… कसलाही क्रम नाही. नावं बघितली, तारखा बघितल्या. नाही. जुन्या फाइलींवर तोच प्रोग्राम, तेच अक्षर, परत चालवलं. या वेळी त्याने मुकाट्याने आकाराप्रमाणे लावलं, आणि तो क्रम भलताच! अंगावर काटा आला म्हणणार नाही. पण पाणी प्यायले, हे खरं.

संध्याकाळच्या बसने घरी आले. चप्पल काढते तोच आई सुरू झाली.

"बघ तुझ्या अप्पांचें! मी धोतरावर पापड वाळत घातलेले. जेवण झालें, हे उठून तिथें जाऊन बसले. चाचपून चाचपून एकेक पापड उचलतात, गुडघ्यापाशी ठेवतात, पुढे सरकवतात. 'हा नको, त्याच्या आधीं तो.' मी म्हटलें, अहो, सगळे सारखेच आहेत! ऐकतील तर शपथ. ओले पापड सगळे वेडेवाकडे करून ठेवलेत."

मी धोतराकडे बघितलं. पापडांची एक सरळ ओळ. गुडघे टेकायच्या जागेपासून निघून भिंतीपर्यंत गेलेली.

"अप्पा, काय करत होतात?"

"कुठें काय? हात रिकामे होते." मग माझ्याकडे तोंड वळवून, "लागली वेल?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पावलांनीं," म्हणाले. "धावत आलीस की."

पापड किती होते ते मोजायला हवं होतं, असं आता वाटतं. कागदांइतकेच निघाले असते का? पण आईने ते तेवढ्यात गोळा करून टाकले, आणि वाकडे पापड आम्हालाच रात्री तळून वाढले.

नंतर कितीतरी जणांना विचारलं. मैत्रिणीचा भाऊ म्हणाला, फ्लॉपी खराब असेल. असेल. खराब फ्लॉपी फाइली खाते हे मी पाहिलंय. ती कळी उमलवते हे कुणी पाहिलं असेल तर मला जरूर लिहा. कॉम्प्युटरवर काम करण्यात माझा जन्म गेला, मला याचं उत्तर मिळालेलं नाही. मिळालं नाही म्हणून अडलंही काही नाही.

उत्सवाच्या आधी पदर विणून झाला. अप्पांना मी मागापाशी नेलं. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि फुलावर थांबवला. साडी अम्मनला नेसवली, आणि त्याच महिन्यात सोसायटीने मला कायम केलं.