नेमेसिओ मास्तरांनी परत लावलेली तारीख

नेमेसिओ मास्तरांनी तीस वर्षं आमच्या गावच्या मुलींना टायपिंग शिकवलं. कळांकडे बघून टाइप करणारीला ते वर्गाबाहेर उभं करायचे. मीही उभी राहिले आहे. आम्ही आयांनी आपल्या हरवलेल्या पोरांना शोधायला मंडळ काढलं, तेव्हा ते पुतण्याचा फोटो घेऊन आले. पुतण्या काही सापडला नाही, मास्तर मात्र राहिले. मंडळाचा एकुलता एक लॅपटॉप त्यांच्या ताब्यात गेला.

मंडळातल्या कूकाचा मुलगा फेर्मीन २०११च्या मार्चमध्ये नाहीसा झाला. सरकारी वकिलाच्या कचेरीचं म्हणणं, नऊ तारखेलाच तो आपल्या पायांनी सीमेपलीकडे गेला, मग शोधायचं कुणाला? कूकाच्या फोनमध्ये मात्र त्याने पाठवलेला आवाज होता. "आई, बाजारातच आहे. रविवारी मक्याच्या गोर्दिता कर, भरपूर कर." त्या फाइलीवर तारीख होती चौदा मार्च. पोरगं त्या दिवशीही गावातच होतं, याला तेवढाच पुरावा.

पण फाइल जुन्या पद्धतीची, कचेरीतल्या कॉम्प्युटरवर वाजेना. मास्तरांनी नव्या पद्धतीची प्रत काढली, तर तिच्यावर प्रत काढली त्या दिवसाची तारीख पडली.

"तारखेशिवाय नुसता आवाज घेऊन काय करू, मास्तर?" कूका रडकुंडीला आली.

"अगं, एका फाइलीची तारीख दुसरीवर चढवता येते. चार ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम, लिहितो, बघ."

आणि तिला धीर देत, तिच्याच तोंडाकडे बघत, ते टाइप करू लागले. स्क्रिप्टमध्ये आधी तारीख देणाऱ्या फाइलीचं नाव लिहायचं, मग घेणारीचं. बोटांनी नावं उलटी लिहिली. बटण दाबलं आणि मूळ फाइलीवरच आजची तारीख चढली. जुनी तारीख-वेळ मास्तरांना तोंडपाठ होती. त्यांनी ती स्वतःच्या हाताने दोन्ही फायलींवर परत लावली.

कचेरीत जायच्या आधी मी त्यांना बाजूला घेतलं. "कुणी विचारलं तर हात लावला नाही म्हणा. तारीख खरीच आहे ना?"

"खरीच आहे."

"मग झालं तर!"

कचेरीतल्या साहेबाने नेमकं तेच विचारलं. मास्तर उभे राहिले. "मी हात लावला. चुकून बदलली, मग होती तीच परत लावली."

"म्हणजे उद्या माझ्या लग्नाचीही तारीख लावाल," साहेब म्हणाला आणि त्याने कागद परत सरकवले.

बाहेर आल्यावर मी मास्तरांना नाही नाही ते बोलले. हरिश्चंद्र व्हायला हाच मुहूर्त सापडला का, म्हणाले. दोन वर्षं कूका त्यांच्या टेबलाजवळ फिरकली नाही.

मास्तरांनी एक वही सुरू केली. कुठल्याही फाइलीला हात लावण्याआधी दोन आयांनी तारीख डोळ्यांनी बघायची, आपल्या हाताने वहीत लिहायची, सही करायची. मगच मास्तर टाइप करणार, आणि तेही एकेक कळ बघून. मला ते बघवायचं नाही.

मग ओफेलिया तिच्या मुलीचे शेवटचे फोटो घेऊन आली. साक्षीला मी होते, दुसरी बाई तापाने पडलेली. कोपऱ्यात बसलेली कूका उठली, टेबलापाशी आली, तारखा वाचल्या आणि सही केली. मास्तरांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

कचेरीत तोच साहेब. वही चाळत म्हणाला, "हा माणूस तारखा बदलतो. या वहीवर मी विश्वास का ठेवू?"

मास्तरांनी मान खाली घातली. कूका पुढे झाली.

"बदलतात ना. माझ्या फेर्मीनची बदलली होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा कबूलही केलं. एकदा 'नाही' म्हणाले असते तर तुमची माणसं माझ्या पोराला शोधायला निघाली असती. जो माझ्यासाठी खोटं बोलला नाही, तो हिच्यासाठी कशाला बोलेल?"

साहेबाने वहीवर शिक्का मारला.

ओफेलियाच्या मुलीचा शोध त्याच आठवड्यात सुरू झाला. फेर्मीनची केस बंद ती बंदच. त्याला आम्हीच शोधतो. दर शनिवारी माळावर जमीन खणून बघायला कूका पहार घेऊन पुढे असते, आणि तिच्या मागोमाग पाण्याचा कॅन घेऊन मास्तर चालतात.